मुलींचा गट न मोडता कसा संपवावा

कोरियन पॉपच्या धंद्यात उतरायचं म्हणताय? उतरा. सोलमध्ये जागा बघा, भिंतभर आरसे लावून तालमीची खोली करा, एक बरा नृत्यदिग्दर्शक पगारावर ठेवा. मात्र मुली निवडायला बसण्याआधी त्या जाणार कशा, हे ठरवून टाका. मुली जाणारच. एकीला मालिकेत काम मिळेल, दुसरीला शिकायचं असेल, तिसरीचं तुमच्याशीच बिनसेल. दर वेळी पत्रकारांपुढे खुलासे करत बसलात तर गाणी कधी काढणार? त्यापेक्षा पहिल्याच दिवशी सांगून मोकळे व्हा, की आमच्याकडून कोणी सोडून जात नाही, आमच्या मुली ग्रॅज्युएट होतात. नारळच द्यायचा, तर शालीत गुंडाळून द्या.

युक्ती माझी नाही. प्लेडिस एंटरटेनमेंट या कोरियन कंपनीनं जानेवारी 2009 मध्ये आफ्टर स्कूल हा गट काढला तो याच बोलीवर: नव्या मुली येत राहतील, जुन्या ग्रॅज्युएट होत राहतील. कल्पना मूळची जपानची. तिकडे 1997 ची मॉर्निंग मुसुमे आणि 2005 ची एकेबी48 हे मुलींचे गट हेच करत आलेत. फक्त जपानी मंडळी निरोपाइतक्याच नेमानं नवी भरतीही करतात. तुम्ही त्या भानगडीत फार काळ पडू नका. भरतीला पैसे लागतात, निरोपाला एक पत्रक पुरतं.

सुरुवातीला मात्र हात सैल सोडा. पहिल्या पाच जणी होत्या गाही, जंग-आ, जूयन, बेका आणि सोयंग. गाही सगळ्यात मोठी, 1980 ची, पूर्वी गायिका बोआच्या मागे नाचलेली. अशा बाईला लीडर करावं. बाकीच्यांना शिस्त लागते आणि एका मॅनेजरचा पगार वाचतो. एप्रिलमध्ये ‘दिवा’ या गाण्याबरोबर युई आली. ही पूर्वी पोहण्याच्या स्पर्धांत उतरलेली, आणि फाइव्ह गर्ल्स नावाच्या, पदार्पणाआधीच बुडालेल्या गटातून तरून आलेली. (त्याच पाच जणींतली यूबिन वंडर गर्ल्समध्ये गेली, ह्योसंग सीक्रेटमध्ये. बुडीत गटांवर नजर ठेवा, तयार मुली मिळतात.) ऑक्टोबरमध्ये सोयंग बाहेर पडली. नऊ महिन्यांत पदवी! एवढ्यात आपल्याकडे पेपर तपासून होत नाहीत.

लगेच नोव्हेंबरमध्ये रेना आणि नाना. (ही नाना मुलगी आहे, गैरसमज नको.) ‘बिकॉज ऑफ यू’ जोरात चाललं. मार्च 2010 मध्ये लिझी, वर्ष संपता संपता ईयंग. हजेरीपट नवावर गेला. चाहत्यांनी कोण कुठली हे पाठ करावं, की तुम्ही पुढचं गाणं काढून यादी बदलायची. माणूस गोंधळला की जास्त गुंततो.

मुलींना गाता येतं का, हा प्रश्न कोणाला पडू नये म्हणून त्यांच्या हातापायांना सतत काहीतरी काम द्या. ‘बँग!’ या गाण्याला यांच्या कमरेला ड्रम बांधले आणि अंगात मिरवणुकीच्या बँडवाल्यांचे कोट चढवले. आठ जणींच्या काठ्या एका ठोक्याला पडतात. ढोल-ताशा पथकात ज्यानं एक मोसम काढला आहे त्यानं ते नुसते मनगटांकडे बघत बघावं. हा देखावा नाही, तालीम आहे, हे त्याला पहिल्याच फेरीत कळेल. चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, त्या काळच्या गर्दीत इतकं घोटून बसवलेलं काम मला दुसरं आठवत नाही. 2011 मध्ये त्या टॅप डान्स शिकल्या. 2013 च्या जूनमध्ये ‘फर्स्ट लव्ह’ या गाण्यासाठी पोल डान्सच्या खांबावर चढल्या, सरावात दुखापती झाल्या, तरी चढल्या.

एवढं सगळं शिकवून झालं की, गाणी बंद करा.

हो, इथेच कच्चे मालक घाबरतात. ‘फर्स्ट लव्ह’नंतर आफ्टर स्कूलचं नवं कोरियन गाणं आलंच नाही. जपानसाठी 2014 मध्ये एक अल्बम निघाला. रेना, नाना आणि लिझी या तिघींचा ऑरेंज कॅरमेल हा उपगट तेवढा चालू राहिला. त्यांच्या ‘कॅटलिना’त तर पंजाबी लग्नातल्या ‘जुत्ती मेरी’ची ओळ ऐकू येते आणि व्हिडिओत तिघी सुशीच्या रूपात प्लॅस्टिकच्या डब्यात बंद असतात. केबीएस वाहिनीनं त्यावर हरकत घेतली. मानवी जीवनाची बूज राखलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलींना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं वाहिनीला दिसलं. अख्खा गट वर्षानुवर्षं फडताळात ठेवला होता, त्यावर हरकत घेणारा विभाग बहुधा नसावा.

गाणी थांबली तरी पदवीदान थांबवायचं नाही. बेका 2011 मध्ये डिझाइन शिकायला गेली होती, म्हणजे शाळेचं नाव लावलेल्या गटातून खऱ्या शिक्षणाकडे. गाही 2012 मध्ये गेली. त्यांच्या वेळी निदान वर्ग भरत होते. पुढे 2014 च्या अखेरीस जूयन, 2016 मध्ये जंग-आ, 2017 मध्ये युई, 2018 मध्ये लिझी आणि ईयंग, 2019 मध्ये रेना. तास 2013 मध्येच संपले आणि निरोप समारंभ पुढे सहा वर्षं चालले. कोरियाच्या व्यापार आयोगानं 2009 मध्ये कलाकारांसाठी नमुना करार काढला आणि त्यात सात वर्षांची मर्यादा घातली. आता जंग-आचं साल पुन्हा बघा. 2009 अधिक सात. कुठली परीक्षा आणि कुठली पदवी, कराराची मुदत भरली होती. पण ‘मुदत भरली’ असं पत्रकात लिहिलं तर कोण रडणार? ग्रॅज्युएट झाली म्हणा, चाहते स्वतःच्या पैशांनी फुलं पाठवतात.

आणि एक मुलगी अशी ठेवा, जी शेवटची आत आली. ली का-उन. जून 2012 मध्ये, ‘फ्लॅशबॅक’ गाण्याच्या वेळी तिला प्रवेश मिळाला. तिच्यानंतर दार बंद झालं आणि वर्षभरात फळाही पुसला गेला. तिनं वाट पाहिली. पाच वर्षं! कोवळ्या वयात आलेली मुलगी धंद्याच्या हिशेबात थोराड ठरू लागली, तेव्हा 2018 मध्ये ती ‘प्रोड्यूस 48’ या एम-नेट वाहिनीच्या स्पर्धेत उतरली. पदार्पण झालेली गायिका पुन्हा पहिलीच्या बाकावर, छातीवर नावाची पट्टी लावून, शिकाऊ मुलींच्या रांगेत. पहिल्या बारा जणींचा आयझोन हा गट होणार होता. का-उन चौदावी आली. टीव्हीवर हसून तिनं बाकीच्यांचं अभिनंदन केलं. 2019 च्या जुलैमध्ये ती प्लेडिसमधूनही बाहेर पडली.

मग 2020 च्या नोव्हेंबरमध्ये या स्पर्धेवरून झालेल्या खटल्यात, अपिलाच्या निकालात, न्यायालयानं तिच्यातली खरी आकडेवारी वाचून दाखवली. मतांमध्ये फिरवाफिरव झाली होती. का-उन प्रेक्षकांच्या मतांनी पाचवी आली होती. कार्यक्रमाच्या निर्मात्याची दोन वर्षांची कैद कायम झाली. आयझोन तोपर्यंत दोन वर्षं गाऊन मोकळा झाला होता आणि पुढच्या वर्षी संपलाही. तेव्हा तुम्हाला सल्ला असा, की सहनशील मुलगीच निवडा. तिला एकानं शाळेत घेऊन शिकवलं नाही, दुसऱ्यानं पास करून नापास दाखवलं, आणि सगळ्यात मोठा टाळ्यांचा कडकडाट तिला कोर्टाच्या बातमीनं मिळाला.

यावर कोणी म्हणेल की त्या कंपनीला माणसं सांभाळताच येत नव्हती. छे! याच प्लेडिसच्या सेव्हन्टीन या गटातल्या तेराच्या तेरा मुलग्यांनी 2021 मध्ये एकदमच करार वाढवून घेतले. त्यांना कोणी ग्रॅज्युएट करण्याचा विचारही केला नाही. जमतं सगळं, मनात असेल तर.

आफ्टर स्कूल बरखास्त झाल्याचं पत्रक मात्र काढू नका. प्लेडिसनंही ते काढलं नाही. मोडल्याचं जाहीर केलं की लोक कारण विचारतात. नाना अभिनयात रमली, ‘मास्क गर्ल’ या मालिकेत झळकली. 2021 मध्ये एसबीएस वाहिनीच्या एका कार्यक्रमात जुन्या मुली जमल्या, नाचल्या, लोक हळहळले, आणि या हळहळीचा तुम्हाला एक वॉनही खर्च नाही.

वर कोणी फारच खोदून विचारलं, की जुन्या गटाचं काय झालं, तर नवा गट पुढे करा. प्लेडिसनं मार्च 2017 मध्ये प्रिस्टिन काढला. दहा मुली एकदम, या वेळी पदवीबिदवीची भाषाच नाही. तो मे 2019 मध्ये रीतसर मोडला. त्या दिवशी रेना अजून आफ्टर स्कूलच्या पटावरच होती.