ब्रेकवर खोबरेल सोडण्याआधी हे वाचा

‘गाडीतून आवाज येतोय? गॅरेजवाला लुटेल, आधी हे घरगुती उपाय करा’ असा एक लांबलचक मेसेज पावसाळा लागला की ग्रुपवर फिरू लागतो. शेवटी हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ’. गॅरेजवाल्याबद्दलची शंका मला मान्य आहे. बॉनेट न उघडताच ‘सस्पेन्शनचं काम निघालंय’ हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पण मेसेजमधले उपाय आवाज घालवतात, बिघाड तसाच राहतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘ब्रेक चिरकत असतील तर डिस्कवर थोडं खोबरेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारा.’ सगळ्यांत घातक सल्ला हाच. ब्रेक लागतो तो घर्षणावर, आणि तेल नेमकं तेच घालवतं. आवाज जातो हे खरं, कारण पकडच गेलेली असते. डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारा पॅड तेल शोषून घेतो. वरवर पुसून भागत नाही, बहुतेक वेळा बदलावाच लागतो. त्यातून तेल एकाच बाजूच्या चाकाला लागलं असेल तर ब्रेक दाबताच गाडी दुसऱ्या बाजूला खेचते. ओल्या रस्त्यावर पुढे एसटी असताना हे कळायला नको.

मुळात ब्रेकचे आवाज तीन तऱ्हांचे. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर धरतो. सकाळचे पहिले काही ब्रेक खरखरतात आणि मग गप्प होतात. तिथे काही करायचं नसतं. दुसरा, दिवसभर येणारा बारीक चिरका आवाज. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला घासून ओरडते. आणि तिसरा, लोखंडावर लोखंड घासल्याचा ‘घर्रर्र’. म्हणजे पॅड संपला आणि आता डिस्क खाल्ली जातेय. पॅडच्या पैशात सुटणारं काम डिस्कवर गेलं. अलॉय व्हील असेल तर आऱ्यांमधून मोबाईलचा टॉर्च मारून बाहेरच्या पॅडची जाडी बघता येते. आतला दिसत नाही, आणि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची पिन जाम झाली असेल तर बऱ्याचदा तोच आधी संपतो. तेव्हा बाहेरचा जाड दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

‘बेल्ट ओरडला तर टाल्कम पावडर टाका किंवा साबण घासा.’ दोन दिवस शांतता मिळेल. त्यापेक्षा इंजिन चालू ठेवून, ओढणी-बाह्या लांब ठेवून, बेल्टवर स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी मारा. आवाज थांबून पुन्हा सुरू झाला तर बेल्ट ज्या चाकांवर फिरतो त्यांतली एखादी पुली सरळ रेषेत नसावी. उलट वाढला तर बेल्ट ढिला किंवा त्याला ताणून धरणारा टेन्शनर गेलेला. हाच बेल्ट बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो, काही गाड्यांत पाण्याचा पंपही. तो घाटात तुटला तर पावडर कामाला येत नाही.

‘वेग वाढला की घुंऽऽ आवाज येतो म्हणजे हवा कमी, ४० पीएसआय भरा.’ हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. तिथे न लिहिलेले ४० भरले तर ओल्यात पकड कमी होते आणि टायर मधोमध झिजतो. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर घुमणारी गाडी डांबरावर उतरली की निवळते. चाक ज्यावर फिरतं त्या बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं, त्याचा आवाज वेगाबरोबर चढत जातो. लांब, मोकळ्या डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर जातो. तिथे आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर. गॅरेजमध्ये गाडी उचलून चाक हाताने फिरवलं की खरखर हातालाही लागते.

‘स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर कट-कट म्हणजे पॉवर स्टेअरिंगचं ऑइल कमी.’ आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पॉवर स्टेअरिंग विजेवर चालतं. ऑइल नाहीच, तर भरणार कुठे? पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत हा आवाज बहुधा ॲक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचा असतो. त्यावरचं रबरी बूट फाटतं, ग्रीस उडतं, चिखल आत शिरतो. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे दिसले आणि आवाज अजून सुरू झाला नसेल, तर नवं बूट आणि ग्रीस यावर निभावतं. कट-कट सुरू झाल्यावर सहसा जॉइंटच बदलावा लागतो.

‘इंजिन खडखडतंय? जाड ऑइल टाका. दोष इथेनॉलचा.’ ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल मागणाऱ्या इंजिनात २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल ओतलं तर आवाज दबेलही, पण सकाळी स्टार्ट करताना वरच्या भागांपर्यंत ऑइल उशिरा पोचतं. आधी डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा. लाल ऑइल दिवा लागला असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद. आणि पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलबद्दल: मायलेज घटतं, जुन्या गाड्यांच्या रबरी भागांची तक्रारही रास्त आहे. पण इथेनॉलने ऑक्टेन, म्हणजे खडखड रोखायची पेट्रोलची ताकद, वाढतं, त्यामुळे खडखडीचा ठपका त्याच्यावर बसत नाही. खंबाटकी चढताना चौथा गिअर रेटत असाल तर तिसरा टाकून बघा. तेवढ्याने आवाज गेला तर तो चुकीच्या गिअरमध्ये इंजिनावर पडलेल्या भाराचा होता.

गाडी बंद केल्यावर सायलेन्सरमधून येणारी टिक-टिक मेसेजला ‘गॅसगळती’ वाटते. तापलेला पत्रा गार होताना आकसतो, इतकंच.

शेवटचा सल्ला, ‘आवाज रेकॉर्ड करून मेकॅनिकला पाठवा, तो फोनवरच सांगेल.’ बेल्टच्या किंचाळीपुरता ठीक. घुंऽऽ असा खालच्या पट्टीतला आवाज फोनमध्ये नीट उतरत नाही, आणि आवाज पुढून येतो की मागून हे तर कळतच नाही. मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारा. आवाज कधी येतो ते सांगा: थंड असताना की तापल्यावर, ब्रेक दाबल्यावर की वळताना, गाडी उभी असताना रेस दिली तरी येतो की फक्त चालताना. चक्कर न मारताच जो पार्टची यादी लिहायला घेतो, त्याच्याकडून चावी परत मागा.