बोट दाखवा, करिअर मिळवा

परवाच्या रविवारी विश्रामबागेत दहावीच्या पालकांसाठी ‘शास्त्रीय करिअर मार्गदर्शन’ झालं. दारातच बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी नि करिअर सांगणारं यंत्र मांडलेलं. तेव्हापासून सांगलीतल्या होतकरू समुपदेशकांना चार युक्तीच्या गोष्टी सांगाव्यात असं फार वाटतंय.

संशोधन वाचत बसू नका. एम.ए.ला एक केलंत की! साठ मुलं, साठ मुली, समायोजनाची (जुळवून घेण्याची) छापील चाचणी, दोन गटांतला फरक तपासणारं टी-मूल्य, ‘सार्थ फरक आढळला नाही’. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, विषय संपला.

चाचणी जुनी बघून घ्यावी. बुद्ध्यांक मोजायची बिने-कामत झकास. मानकं 1930च्या दशकातल्या मराठी-कानडी पोरांची. जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यांक फुगून येतो, मग ज्याला मदत हवी तेच पोर ‘नॉर्मल’ ठरतं. आईबाप खूश.

महापूर ओसरला की एका दुपारचं शिबिर घ्या. सगळ्यांना गोल बसवून पाणी घरात कसं शिरलं ते बारीकसारीक वदवून घ्या. असल्या एका बैठकीच्या डीब्रीफिंगने धक्क्यानंतरचा मानसिक त्रास टळत नाही, काहींचा उलट वाढतो, हे उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात केव्हाच येऊन गेलंय. पण फोटो छान येतात.

आणि ते यंत्र घ्याच. दहा बोटं स्कॅन करायची, लूप, व्होर्ल, आर्च हे ठशांचे आकार मोजायचे, तळहातावरचा एटीडी नावाचा कोन काढायचा, प्रत्येक बोट मेंदूच्या एकेका भागाला जोडून द्यायचं. कुणी जोडलं, कशावरून, असं पालक विचारत नाहीत. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात तिसऱ्या महिन्यापासून उमटतात, पाचव्याच्या आसपास पक्क्या होतात, पुढे जन्मभर त्याच. म्हणजे पोराची झोप, चष्म्याचा नंबर, गणिताचे सर, घरातली भांडणं, कशाचाच हिशेबात संबंध नाही. किती सोय! मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 साली बहुविध बुद्धिमत्ता मांडली, त्यात ठशांचं नावही नाही. तरी अहवालाच्या पहिल्या पानावर त्यांचाच फोटो लावा. मानसोपचारतज्ज्ञांच्या इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने ठशांवरून बुद्धी सांगण्याला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर सांगितलंय, ते पान फाडा. ‘तुमचा मुलगा हुशार आहे, पण मन लावत नाही’ हे वाक्य मात्र हवंच. 1948 साली फोरर या मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांना एकच मजकूर ‘हे तुझं व्यक्तिचित्र’ म्हणून वाटला. त्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. त्याने निदान पैसे घेतले नव्हते. तुम्ही हजारांच्या घरात घेता, आणि त्या कागदावर पोराची सायन्सची वाट बंद करता. लाज नाही वाटत? ठसे पोलीस ठाण्यात घेतात, दहावीच्या पोरांचे नव्हे!

बास झाली थट्टा. मोठ्या माणसाच्या नैराश्यासाठी पीएचक्यू-9 ही प्रश्नावली फुकट मिळते. नऊ प्रश्न, मागचे दोन आठवडे, 0 ते 27 गुण. 10 किंवा जास्त आले की नीट तपासा. नुसत्या आकड्यावर निदान करू नका. दर दोन आठवड्यांनी पुन्हा भरून घ्या, आकडा वहीत तारखेनिशी लिहा. पाच-सहा बैठकांत तो हलला नाही तर तुमची पद्धत चुकतेय. बदला, नाहीतर मिरजेला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. पेशंट ‘बरं वाटतंय’ म्हणाला, एवढ्यावर खूश होऊ नका, तो तुमचं मन राखतो. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा. तिथे शून्य सोडून काहीही असेल, तर बेरीज करत बसू नका. त्याच बैठकीत विचारा: मनात नेमकं काय येतं, घरी सोबत कोण असतं, आणि तासगावकडचा बागायतदार असेल तर फवारणीचं औषध कुठे ठेवलंय.