प्लग मीच कापला

नमस्कार काका,

नाव तुम्ही दिलेलं नाहीत, पण '८६ सालापासून डेटा एंट्रीत होतो' असं लिहिलंत, म्हणून काका म्हणतो.

माझ्या जुन्या कीबोर्डांवरच्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की जुने मेकॅनिकल कीबोर्ड जमवतो म्हणून मिरवणारा हा माणूस त्यांचे प्लग कापतो, पत्र्याला भोकं पाडतो, वर नवा बोर्ड जोडतो. याला जतन म्हणत नाहीत, खाटीकगिरी म्हणतात. केळकर संग्रहालयातल्या अडकित्त्याला कुणी नवी धार लावतं का? आणि एवढा उपद्व्याप करून टाइप तेच होतं, जे पाचशे रुपयांच्या कीबोर्डवर होतं.

आधी प्लगचं. त्या लेखाच्या फोटोतला तो पाच पिनांचा जाडजूड प्लग मीच कापला आणि ते चुकलंच. माझा तो पहिला कीबोर्ड. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी मिळाला, येताना तपकीर गल्लीतून एक स्वस्तातला अडॅप्टर घेतला, लावला, ढिम्म. तेव्हा ठाऊक नव्हतं की हे अडॅप्टर फक्त तारा इकडच्या तिकडे करतात. कीबोर्डला यूएसबीची भाषा मुळात येत असेल तरच त्यांचा उपयोग. मी वैतागून कात्री चालवली. आठ दिवसांनी कळलं की त्या प्लगला बसणारं सॉकेट किरकोळीत मिळतं. सिंथेसायझरच्या मिडी केबलसाठी तेच वापरतात. कापलेला प्लग अजून डब्यात आहे. टाकवत नाही.

त्यानंतर मात्र एकही केबल कापलेली नाही. आता काडेपेटीएवढी डबी बाहेरच्या बाहेर लावतो. एका बाजूला सॉकेट, आत एटीमेगा ३२यू४ या प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपचा छोटा बोर्ड, दुसऱ्या बाजूला यूएसबी. जोडायच्या तारा चारच: पाच व्होल्ट, ग्राउंड, क्लॉक आणि डेटा. बोर्ड जुने स्कॅन कोड (कुठलं बटण दाबलं ते सांगणारे आकडे) वाचतो आणि यूएसबीच्या भाषेत पुढे सांगतो. एक्सटी, म्हणजे आयबीएमच्या सुरुवातीच्या पीसींच्या पिढीतले कीबोर्ड तर नुसतेच बोलतात, संगणकाचं अवाक्षर ऐकत नाहीत (आपल्या गावात खपून जाईल असा स्वभाव). ऐकून घ्यायला शिकले ते १९८४ च्या आयबीएम एटी संगणकापासूनचे. डबी काढली की कीबोर्ड होता तसा. एवढं तुमच्या कसोटीला उतरावं.

भोकं मात्र उतरणार नाहीत, कारण ती बुजवता येत नाहीत. तिथे मला भांडायचंच आहे.

भोकं पाडलेला कीबोर्ड आयबीएमचा मॉडेल एम, मागच्या लेबलावर १९८९ साल. विक्रेत्याने हातात घेऊन 'लोखंड आहे साहेब' म्हटलं आणि भाव वजनाच्या हिशोबाने सांगितला. वजन दोन किलोच्या वर भरतं, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं. घरी आणून हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजला. उघडायलाही दिवस गेला. त्याचे चार स्क्रू खोल भोकांत बसलेले, षटकोनी डोक्याचे, साडेपाच मिलिमीटरचे. माझा पाना आत जाईना, शेवटी त्याची कडा ग्राइंडरवर घासून पातळ केली.

आत एक पोलादी पत्रा, त्याच्यावर मेंब्रेन (बटणाचा दाब टिपणारा पातळ प्लास्टिकचा पडदा), आणि वर स्प्रिंगांची काळी प्लास्टिक चौकट. हे सगळं आवळून धरतात ते प्लास्टिकचे बारीक रिव्हेट. वयोमानाने ते ठिसूळ होऊन तुटतात, चौकट पत्र्यापासून सुटते आणि बटणं भुसभुशीत लागायला लागतात. माझ्याकडच्यात निम्म्याहून जास्त तुटून आत लोळत होते. आता काय करायचं? उरलेले छाटले, दीड मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडली, दोन मिलिमीटरचे स्क्रू-नट बसवले. जे आधीच गळून पडलं होतं ते मूळ रूप मी कुठून जपणार?

अडकित्त्याचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. संग्रहालयातला अडकित्ता त्याच्या घडणीसाठी काचेआड ठेवलाय, त्याला धार लावू नयेच. पण आमच्या आजीचाही एक होता. त्याची खीळ ढिली झाली की आजोबा ती बदलून आणायचे, आणि संध्याकाळी सुपारी कातरली जायची. मॉडेल एम लाखांनी निघाले. त्यातला एखादा काचेआड जरूर जावा. माझा दुसऱ्या जातीचा.

त्याच कीबोर्डची बटणं काढली तेव्हा काय निघालं सांगू? केस, टाचणी, शेवेचे तुकडे हे नेहमीचंच. पण वरच्या ओळीखाली, एफ-१ पासून एफ-४ पर्यंत, चौकटीवर हळदीकुंकवाचा घट्ट थर होता. खंडेनवमीला कुठल्या तरी ऑफिसात वर्षानुवर्षं पूजा झालेली. बटणं कोमट साबणाच्या पाण्यात धुतली, त्यांची अक्षरं जराही उडाली नाहीत, कारण रंग पीबीटी प्लास्टिकच्या आत मुरवलेला असतो. चौकटीवरचं कुंकू मात्र राहू दिलं. एका सल्ल्यानुसार तेही घासून काढायला हवं होतं. नाही काढलं. जतनाचं मलाही थोडं कळतं, काका.

राहिला पाचशे रुपयांचा मुद्दा. वेग वाढलेला नाही, कबूल. मॉडेल एममध्ये स्प्रिंग एका बाजूला वाकते, त्याच क्षणी टक् वाजतं आणि त्याच क्षणी अक्षर उमटतं. रबरी कीबोर्डवर बटण तळापर्यंत दाबूनही खात्री नसते. ज्यांनी टीव्हीएस गोल्ड हा कीबोर्ड वापरलाय त्यांना टकटक परिचयाची असेल, पण त्यात चेरी कंपनीचे निळे स्विच, त्यांची जात वेगळी.

आणि मी मराठी टाइप करतो, इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड-मांडणीत. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. 'पाटी' लिहून बघा: उजवा, डावा, उजवा, डावा. ठेका धरल्यासारखं होतं. इन्स्क्रिप्ट भारतीय मानक ठरलं १९९१ मध्ये, आपल्या पुण्यातली सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था १९८८ ची, कीबोर्ड १९८९ चा. सगळे एका वयाचे. अडचण एवढीच की त्या कीबोर्डवर विंडोजचं बटण नाही आणि माझी भाषा बदलायची सवय त्याच बटणाची. म्हणून त्या डबीत कॅप्स लॉकलाच विंडोज बटण करून टाकलंय. कॅप्स लॉकचं देवनागरीत तसंही काय काम?

आवाजाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, ते खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं. रात्री शिलाई मशीन चालवता का, म्हणाल्या. अकरानंतर बंद असतो.

तुमच्या माळ्यावर एक पडलाय आणि 'तुम्हाला तर मुळीच देणार नाही' असं लिहिलंत. नका देऊ. पण उलटा करून बघा, अशा बऱ्याच कीबोर्डांना खाली एक्स आणि ए (एक्सटी आणि एटी) असा छोटा स्विच असतो. असला तर ए वर सरकवा. डबी मी घेऊन येतो, सोल्डरिंगसुद्धा करावं लागणार नाही. कात्री घरीच ठेवतो.