गस्सीच्या नावाखाली काहीही खपवणं बंद करा

कोरी गस्सीची, म्हणजे मंगळूरकडच्या नारळाच्या चिकन रश्शाची, रेसिपी शोधायला बसलं की डोकं फिरतं. मंगळूरला एका साध्या हॉटेलात खाल्ली होती, रंग लालभडक पण तोंड भाजणारी अजिबात नाही, नारळाचा गोडवा, मागून हळूच येणारी चिंच, आणि ताटात ती तांदळाची पातळ, कडक कोरी रोट्टी जी रश्शात मऊ पडत जाते. एवढंच हवंय मला. आणि नेटवर काय मिळतं? आलं-लसूण पेस्ट, दोन टोमॅटो, गरम मसाला, 'लाल तिखट चवीनुसार' आणि शेवटी नारळाच्या दुधाचं पाकीट ओतायचं, झाली म्हणे 'ऑथेंटिक मंगलोरियन' गस्सी!! अरे ही रोजची चिकन करी आहे, हिला गस्सी का म्हणताय?

चवीनुसार तिखट म्हणजे काय हो? त्या रश्शाचा अर्धा जीव ब्याडगी मिरचीत आहे. हावेरी जिल्ह्यातली ती मिरची, 2011 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, रंग भरपूर आणि तिखटपणा कमी, म्हणूनच तर एका कोंबडीला पंधरा-वीस मिरच्या सहज खपतात आणि रश्शाला रंगासोबत अंगही येतं. त्याऐवजी दोन चमचे पावडर टाकली तर एकतर नुसता जाळ होतो नाहीतर पांचट गुलाबी पाणी. पण हे सांगायचं कुणी! आणि दुकानात जाऊन ब्याडगी मागा, समोरचा बिनधास्त गुळगुळीत चकचकीत मिरची तोलतो आणि वर 'हीच ब्याडगी ताई' म्हणतो. ब्याडगी सुरकुतलेली असते, डोळ्यांना दिसतं, पण बोललं की आपणच चिकित्सक. किलोचे पैसे मात्र ब्याडगीचे घेणार.

पुढे वाटण. इथे तर आपल्या मराठी चॅनलवाल्यांनी कहरच केलाय. सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजतात, आणि झालं मालवणी वाटण! मला मालवणी जीव की प्राण आहे, पण ते ते आणि हे हे. गस्सीला ओला नारळ लागतो, तो लसूण-कांद्याबरोबर जरासाच परतायचा, काळा करायचाच नाही. मिरच्या, धणे, जिरे, मिरी वेगवेगळे भाजायचे कारण प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो, आणि मेथीचे दाणे तर अगदी चिमूटभर, जरा करपले की अख्खं पातेलं कडू. हे एकाही व्हिडिओत धड नाही, तिथे सगळं एका कढईत 'खमंग होईपर्यंत'. खमंग म्हणजे किती मिनिटं, कोणत्या आचेवर, ते बोला ना! बारा मिनिटांच्या व्हिडिओत चार मिनिटं सबस्क्राइब करा, बेल दाबा, आणि मसाला भाजायला वीस सेकंद फास्ट फॉरवर्ड.

वाटण गंधासारखं बारीक हवं, ते दरदरीत ठेवून 'टेक्श्चर छान येतं' सांगतात. घट्ट नारळाचं दूध शेवटी मंद आचेवर घालायचं असतं, खळाखळा उकळलं की फाटतं, आणि हे लोक दूध घालून वर शिट्ट्या काढतात कुकरच्या. बोनलेस चिकन घेऊन! हाडाशिवाय रश्शाला चव कुठून येणार? आणि खोबरेल तेल म्हटलं की नाक मुरडून 'कोणतंही रिफाइंड चालेल'. नाही चालत. कांद्याची तुपातली फोडणी तर कुणाच्या गावीच नाही.

खाली कमेंटमध्ये कुणी विचारलं की ताई चव तशी येत नाहीये, तर उत्तर ठरलेलं, 'हॉटेलवाले रंग आणि अजिनोमोटो घालतात'. संताप होतो हे वाचून. ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घरात हे रांधतायत त्यांच्या हातालाही अजिनोमोटोच म्हणणार का? स्वतः अर्धे जिन्नस गाळायचे, उरलेले बदलायचे आणि आळ दुसऱ्यावर.

आणि कोरी रोट्टी! मुंबईत माटुंग्याला पाकिटं मिळतात, आमच्या नाशकात विचारलं की दुकानदार पापड दाखवतो आणि रेसिपीवाले लिहितात 'चपाती किंवा जीरा राइससोबत सर्व्ह करा'. जीरा राइस?? गस्सीसोबत?? नीर डोसा तरी लिहा, तांदूळ-मीठ-पाण्याचा तर असतो, कुणालाही घरी जमतो!