वेम्बलीचा गोल आणि चोपन्न क्रॉस

आपल्याकडच्या एखाद्या बार्सिलोनाप्रेमीसमोर रोनाल्ड कूमनचं, म्हणजे त्या क्लबच्या जुन्या डच खेळाडूचं आणि नंतरच्या कोचचं, नाव काढून बघा. वयाने मोठा असेल तर डोळे चमकतील, १९९२चा वेम्बलीचा गोल ऐकावा लागेल. मेस्सीमुळे फुटबॉल बघायला लागलेला असेल तर दातओठ खाईल. याच्याच काळात मेस्सी गेला, यानेच टीमची वाट लावली, वगैरे वगैरे. मला आज या दुसऱ्या मंडळींशी भांडायचंय. आणि जमलं तर पहिल्यांशीही थोडंसं.

कूमन डिफेंडर होता, पण लीगमध्ये त्याच्या नावावर १९३ गोल आहेत. हो, डिफेंडरच्या. डच क्लब पीएसव्हीकडून १९८७-८८च्या मोसमात तर एकट्या लीगमध्ये २१. बरेचसे पेनल्टी आणि फ्री किकवरचे, मान्य. पण त्या फ्री किक बघितल्यात का कधी? बॉलला वळणबिळण देण्याच्या फंदात न पडता सरळ तोफ डागायचा. आणि त्याचा चाळीस-पन्नास मीटरचा पास समोरच्याच्या पायात अलगद पडायचा. धावण्यात मात्र तो मंद होता, हे त्याचे भक्तही नाकारणार नाहीत.

हॉलंडमध्ये फुटबॉल हे कूमनांच्या घरचंच काम. वडील मार्टिन देशाकडून खेळलेले, मोठा भाऊ एर्विन १९८८ची युरो स्पर्धा जिंकणाऱ्या डच टीममध्ये याच्या बरोबरीने. रोनाल्ड ग्रोनिंगेनहून अयाक्सला गेला, तिथून थेट पीएसव्हीला, आणि बार्सिलोनाहून परतला तो फेयेनूर्डला. पुढे अयाक्स, पीएसव्ही आणि फेयेनूर्ड या तिन्ही क्लबांचा तो कोचही झाला. तिन्ही मोठ्या क्लबांकडून खेळलेला आणि तिन्हींना शिकवलेला दुसरा माणूस नाही. ज्यांना डच क्लबांमधली दुश्मनी माहीत आहे त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

१९८८ साली पीएसव्ही युरोपियन कप जिंकली ती कशी, हे जरूर शोधून वाचा. क्वार्टर फायनलपासून फायनलपर्यंत पाच सामने आणि पाचही बरोबरीत! बोर्दो आणि रेआल माद्रिदला बाहेरच्या मैदानावरच्या गोलच्या नियमाने (बरोबरी झाली तर समोरच्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) बाहेर काढलं, फायनलला बेनफिकाला पेनल्टी शूटआउटमध्ये. क्वार्टर फायनलपासून एकही सामना न जिंकता कप घरी. कूमन मुळात या शाळेतला आहे, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. त्याच उन्हाळ्यात युरोमध्ये हॅम्बुर्गला पश्चिम जर्मनीला हरवल्यावर त्याने जर्मन खेळाडू ओलाफ थोनच्या शर्टने ढुंगण पुसल्याचा जो अभिनय केला, तो अत्यंत हिणकस होता. डच लोक आजही तो किस्सा चवीने सांगतात, सांगोत बापडे.

१९८९मध्ये बार्सिलोनाचा तेव्हाचा कोच योहान क्रायफने त्याला तिथे नेलं आणि मागे उभं केलं. पुढे त्याच्यासमोर कोवळा पेप ग्वार्दिओला आला. दोघेही हळू, दोघांनाही अंगाला अंग भिडवून बॉल हिसकावता येत नव्हता. क्रायफचा हिशेब असा की बॉल आपल्याकडेच राहिला तर बचाव करायची वेळ येतेच कशाला. सलग चार लीग विजेतेपदं आली. १९९२ला वेम्बलीवर इटलीच्या साम्पदोरियाविरुद्ध जादा वेळ संपायला काही मिनिटं उरली असताना स्टोइचकोव्हने बॉल सरकवला, बाकेरोने थांबवला आणि कूमनने डावीउजवीकडे कुठेही न बघता तो गोलकीपर पाल्युकाला चुकवून जाळ्यात घातला. बार्सिलोनाचा पहिला युरोपियन कप. दोन वर्षांनी अथेन्समध्ये मिलानने याच टीमचा ४-० असा चुराडा केला, ते मात्र कुणी सांगत नाही.

त्या एका लाथेमुळे कूमनला लोकांनी कायमचं क्रायफपंथी करून टाकलं. तो तसा नव्हताच! कोच म्हणून त्याची कारकीर्द बघा. अयाक्सला दोन वेळा लीग जिंकून दिली. बेनफिकाला घेऊन मँचेस्टर युनायटेडला गटातच बाहेर काढलं आणि मग गतविजेत्या लिव्हरपूललाही. २००७ साली शेवटच्या दिवशी तीन टीम सारख्या गुणांवर असताना पीएसव्हीने एका गोलच्या फरकाने लीग मारली. साउदॅम्प्टनचे निम्मे खेळाडू विकले गेले होते, तेव्हा त्याने रिकाम्या मैदानाचा फोटो टाकून ट्रेनिंगला तयार असल्याची थट्टा केली आणि त्या मोसमात सातवा, पुढच्या मोसमात सहावा नंबर आणला. सुंदर खेळ वगैरे नाही. हाताशी जे आहे त्यात भागवणारा कोच आहे हा. आणि जिथे भरपूर पैसा मिळाला, त्या एव्हर्टनमध्ये लुकाकू गेल्यावर त्याच्या तोडीचा स्ट्रायकर घ्यायचं सोडून एकाच जागेवर खेळणारे तिघे गोळा झाले आणि सगळा विचका झाला. व्हॅलेन्सियात तर आल्या आल्या अल्बेल्दा, कान्यिसारेस आणि आंगुलो या जुन्याजाणत्यांना बाहेर बसवलं. कोपा देल रेय हा स्पेनचा कप जिंकला, पण लीगमध्ये टीम इतकी घसरली की कप उचलल्यावर आठवड्याच्या आतच नोकरी गेली. ते त्याच्या कर्माने झालं, यात मी त्याची बाजू घेणार नाही.

आता बार्सिलोना. ऑगस्ट २०२०. बायर्नने ८-२ धुतलेलं, स्टेडियम कोविडमुळे रिकामं. कूमन तेव्हा डच राष्ट्रीय टीमचा कोच होता, टीम पुन्हा उभी राहिली होती, पुढच्या वर्षी युरो होती, तीही काही अंशी घरच्या मैदानावर. तीनच महिन्यांपूर्वी हृदयाच्या त्रासाने तो इस्पितळात होता. कुठल्याही शहाण्या माणसाने नाही म्हटलं असतं. याने होकार दिला, आणि आठवडाभरातच मेस्सीने क्लब सोडायचं पत्र पाठवलं.

स्ट्रायकर सुआरेसला फोनवर दोन वाक्यांत काढलं, ही तक्रार खरी आहे. सुआरेस अॅटलेटिको माद्रिदला जाऊन चॅम्पियन झाला. एप्रिल २०२१मध्ये ग्रानादाला घरच्या मैदानावर हरवलं असतं तर बार्सिलोना गुणतक्त्यात वर गेली असती, हरले. तेही कूमनच्या खात्यावर टाका. पण त्याच वर्षी कोपा देल रेयच्या फायनलला बिलबाओला ४-० हरवलं तेही टाका ना. मेस्सी गेला तो क्लबच्या तिजोरीत खडखडाट होता म्हणून. कर्ज १३५ कोटी युरो असल्याचं अध्यक्ष लापोर्ता यांनीच जाहीर केलं. त्यात कोच काय करणार?

मग सप्टेंबरमधला तो सामना, पुन्हा ग्रानादाच. डिफेंडर पिके स्ट्रायकर म्हणून पुढे, सोबत ल्यूक डी यॉन्ग, आणि बॉक्समध्ये चोपन्न क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेले बॉल. सोशल मीडियावर त्याची चेष्टा चालली होती: क्रायफच्या क्लबात हे? त्यावर त्याने सरळ सांगितलं की ही आठ वर्षांपूर्वीची बार्सिलोना नाही. लोक अजून चिडले. पण सांगा, काय खोटं होतं? त्या सामन्यात बरोबरीचा गोल आला तो नव्वदाव्या मिनिटाला, गावीच्या क्रॉसवर अराउहोच्या डोक्याने. गावी तेव्हा सतरा वर्षांचा, त्याला पहिल्यांदा उतरवणारा कूमन. पेद्रीलाही सतराव्या वर्षी रोज खेळवणारा तोच. पुढे नवा कोच झावीने २०२३ला लीग जिंकली ती याच पोरांना घेऊन. झावीचं कौतुक झालंच पाहिजे, पण रोपं कुणी लावली हे कुणी विचारलं नाही. माझ्या लेखी वेम्बलीच्या गोलपेक्षा हे चौदा महिने मोठे आहेत. क्लासिको, म्हणजे रेआल माद्रिदविरुद्धचा सामना, हरल्यावर स्टेडियमबाहेर याच क्लबच्या चाहत्यांनी त्याची गाडी अडवून त्यावर हात आपटले, आणि तीन दिवसांनी रायो वायेकानोकडून हरल्यावर त्याला काढलं.

२०२३मध्ये तो पुन्हा डच टीमकडे आला. २०२४ची इंग्लंडविरुद्धची युरो सेमीफायनल आपण मध्यरात्री जागून बघितली, केनला मिळालेली ती पेनल्टी मला अजून पटलेली नाही. शेवटच्या क्षणी वॉटकिन्सने मारलेला गोल मात्र चोख होता. त्या स्पर्धेत हॉलंड देखणं खेळलं नाही, तरी सेमीफायनलपर्यंत गेलं. नेहमीचाच कूमन.

एवढी बाजू घेतली तरी एक गोष्ट खटकतेच. त्या युरोनंतर स्टीव्हन बर्गवाइन सौदीला खेळायला गेला, तर कूमनने राष्ट्रीय टीमचं दार त्याला कायमचं बंद केलं. सव्विसाव्या वर्षी खेळाडूची महत्त्वाकांक्षा खेळाची हवी, पैशाची नाही, असं त्याचं म्हणणं. ठीक आहे. पण काही आठवड्यांपूर्वी युरोसाठी वाइनाल्डमला नेलं होतं, तो कुठे खेळत होता? सौदीतच ना?