मुक्या जिवाला बरे वाटते आहे, हे ठरवायचे कोणी?

आमच्या कुत्रीला वयाच्या अकराव्या वर्षी मागच्या पायांचा संधिवात जडला, तेव्हा पशुवैद्यांनी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक दिले आणि ते चालू असेपर्यंत मूत्रपिंड व यकृताच्या तपासणीसाठी ठरावीक काळाने रक्त तपासावे लागेल, असेही सांगितले. त्या एका वाक्याने मी घाबरले आणि 'नैसर्गिक, दुष्परिणाम नसलेल्या' होमिओपॅथीच्या गोळ्यांकडे वळले. पंधरा दिवसांत ती छान चालू लागली, असे मी भेटेल त्याला सांगत होते. पुढे कधीतरी गोळ्यांआधीची आणि महिनाभरानंतरची अशा दोन चित्रफिती लागोपाठ पाहिल्या, तर लंगडणे तसूभरही कमी झालेले नव्हते. उलट जिना चढताना ती आता मध्येच दोनदा थांबत होती.

माझी ही फसगत जगावेगळी नाही. संधिवाताने लंगडणाऱ्या कुत्र्यांविषयी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, औषध नसलेली गोळी मिळालेल्या कुत्र्यांच्या पायांवर पडणारा भार यंत्राने मोजला होता. यंत्राला सुधारणा दिसत नसतानाही सुमारे ४० टक्के वेळा मालकांना ती दिसली, आणि गंमत म्हणजे पशुवैद्यही या भ्रमातून सुटले नाहीत. याचे एक कारण साधे आहे. हे दुखणे भरती-ओहोटीसारखे कमी-जास्त होत राहते आणि आपण नव्या उपचाराकडे धावतो ते ऐन भरतीच्या वेळी, त्यामुळे नंतरच्या ओहोटीचे श्रेय हाताशी असलेल्या गोळीला आपोआप मिळते. माणूस निदान 'अजून दुखते' असे म्हणू शकतो. प्राण्याच्या बाबतीत रुग्णाची साक्ष आपणच देतो आणि निकालही आपणच लावतो.

होमिओपॅथीतील '३० सी' म्हणजे मूळ द्रव्य १ वर ६० शून्ये इतक्या पटीने विरळ करणे. त्यात त्या द्रव्याचा एखादा रेणू उरण्याचीही शक्यता जवळजवळ नसते. ब्रिटनमधील पशुवैद्यांची नियामक संस्था असलेल्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सने २०१७ मध्ये होमिओपॅथीला मान्य पुराव्याचा आधार नसल्याचे स्पष्ट म्हटले, ते मला पटते.

मात्र 'होलिस्टिक', म्हणजे समग्र उपचार, या एकाच टोपलीत आहार, वजन, व्यायाम, फिजिओथेरपी, अ‍ॅक्युपंक्चर आणि वनौषधी असे सगळे भरले जाते, आणि त्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या दीर्घ अभ्यासात २५ टक्के कमी अन्न मिळालेली कुत्री जवळजवळ दोन वर्षे जास्त जगली आणि त्यांना संधिवातही उशिरा झाला. हे ज्ञान रूढ पशुवैद्यकाचेच आहे. घाईच्या तपासणीत त्याविषयी बोलायला अनेकदा वेळ काढला जात नाही, एवढी तक्रार मी जरूर करीन. वनस्पतींचेही तसेच. कुत्र्यांच्या काही कर्करोगांवर दिले जाणारे व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीपासून मिळते, पण ते शुद्ध करून, मात्रा मोजून आणि रक्तपेशींवर लक्ष ठेवून दिले जाते. याउलट टी ट्री तेल हे निखळ वनस्पतिजन्य असूनही मांजरांना विषबाधा करते, कारण अशी अनेक द्रव्ये निष्प्रभ करण्याची त्यांच्या यकृताची क्षमता तोकडी असते. त्याच उणिवेमुळे कारखान्यात बनलेले पॅरासिटामॉलही त्यांच्या जिवावर उठते. औषध झाडातून आले की प्रयोगशाळेतून, याची दखल मांजराचे यकृत घेत नाही.

शेवटी आम्ही मेलॉक्सिकॅम पुन्हा सुरू केले, तिचे वजन उतरवले, निसरड्या फरशीवर सतरंज्या अंथरल्या आणि दर महिन्याला त्याच जिन्यावर तिची चित्रफीत घेऊ लागलो. दीड वर्षाने रक्ताच्या एका तपासणीत मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे क्रिएटिनिन वाढलेले आढळले आणि ते औषध थांबवून दुसरे द्यावे लागले. ज्या तपासणीच्या नुसत्या उल्लेखाने मी पळ काढला होता, तीच ही तपासणी.