चौदाव्या वर्षी कसला उशीर?

शनिवारी सकाळी, इथे कॅनडात, मुलाच्या आइस हॉकीच्या रिंकच्या लॉबीत कॉफीच्या रांगेत उभी होते. मागे मुलाच्या टीममधल्या एका पोराचे वडील. माणूस फार चांगला, गेल्या वर्षी आमची गाडी बर्फात रुतली तेव्हा यांनीच ढकलली होती. अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, "तुमच्या गोलीचा हात चांगलाय, पण तुम्ही उशीर केलात." मुलगा चौदा वर्षांचा आहे, संघाचा गोली, म्हणजे गोलरक्षक. उपायही त्यांनीच सांगितला. खासगी गोली कोच लावा, उन्हाळाभर कॅम्पला पाठवा, आणि शाळा ऑनलाइन करून टाका, म्हणजे दुपारची आइस (रिंकवरची सरावाची वेळ) मिळते.

मी हसून "बघू" म्हटलं. आमच्या सांगलीकडचं "बघू", म्हणजे "नाही". पण घरी येईपर्यंत तो "उशीर" डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट. लांबलीये, आधीच सांगते. आइस हॉकीशी देणंघेणं नसलं तरी वाचा, कारण क्रिकेट अकादमीच्या कुंपणाला लटकलेले आईबाप आणि आम्ही रिंकच्या काचेला नाक लावलेले, यात फरक फक्त तापमानाचा.

उशिराचा विषय निघाला की मला केन ड्रायडन आठवतो, माँट्रियलच्या संघाचा नामांकित गोली. २०२५च्या सप्टेंबरमध्ये गेला, ७८ वर्षांचा होता. तेव्हा इथल्या टीव्हीवर त्याचे सहा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएल या इथल्या सर्वांत मोठ्या हॉकी लीगची विजेतेपदं, पुन्हा पुन्हा दाखवत होते. मला कपांपेक्षा त्याची सतरा ते तेवीस ही वर्षं जास्त भावतात. त्या वर्षांत त्याने खेळाला एकदा नाही, दोनदा सांगितलं, थांब जरा, माझं दुसरं काम चाललंय. आणि खेळ थांबला!

आमच्या मिसिसागाच्या शेजारीच एटोबिको, तिथल्या इस्लिंग्टन भागात तो वाढला. वडिलांनी घरामागचं अंगण फरसबंद करून पोरांना हॉकीसाठी गोलच्या जाळ्या लावून दिल्या होत्या. सहा वर्षांनी मोठा भाऊ डेव्ह, तोही गोली, पुढे तोही एनएचएलमध्ये खेळला. म्हणजे धाकट्याला गोलीचं शिक्षण घरबसल्या मिळालं असणार.

या वडिलांबद्दल एक अवांतर सांगितल्याशिवाय राहवत नाही. मरे ड्रायडन यांना झोपलेल्या मुलांचे फोटो काढायचा नाद होता. भारतात फिरताना रस्त्यावर झोपलेली पोरं पाहिली आणि त्यातून त्यांनी गरीब मुलांना अंथरूण-पांघरूण देणारी संस्था काढली. पहिली पन्नास अंथरुणं १९७० साली वाटली, ती कुठे? पुण्यात! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं. तो म्हणाला, "बरं," आणि परत झोपला. पुणेकर आहे.

असो. १९६४च्या ड्राफ्टमध्ये (एनएचएलचे क्लब तरुण खेळाडू निवडून त्यांचे हक्क घेतात तो) बॉस्टन ब्रुइन्सनी केनला चौदाव्या क्रमांकावर घेतलं. तो सोळा वर्षांचा. त्याच महिन्यात बॉस्टनने त्याचे हक्क माँट्रियलला देऊन टाकले. बदल्यात जी दोन मुलं घेतली, त्यांतलं एकही एनएचएलचा एक सामना खेळलं नाही. गंमत म्हणजे आपल्याला आधी बॉस्टनने निवडलं होतं, हे खुद्द केनला पुढे कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. माँट्रियलनेच निवडलं असं त्याला सांगण्यात आलं होतं.

माँट्रियलचं म्हणणं, पीटरबरोला ये आणि ज्युनियर हॉकी, म्हणजे तरुण मुलांच्या लीगमध्ये, खेळ. कॅनडात तेव्हा एनएचएलचा हमरस्ता तोच. अमेरिकन कॉलेजची हॉकी म्हणजे अभ्यासू मुलांची हौस, असं मोठमोठ्या क्लबांतले लोक समजत. हा पोरगा गेला न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाला, कॉर्नेल विद्यापीठात. विषय इतिहास. वर तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणजे माँट्रियलसारख्या क्लबचा भावी गोली अख्खं वर्ष नवख्या मुलांच्या संघात. आमच्या लॉबीतल्या काकांना हे सांगितलं असतं तर त्यांच्या हातून कॉफी सांडली असती.

मागच्या हिवाळ्यात भाचीमुळे मला कॉर्नेलच्या लायना रिंकमध्ये एक सामना बघायला मिळाला. लहानसं, जुनं रिंक, छत अंगावर आल्यासारखं वाटतं. पाहुण्या संघाची नावं पुकारायला लागले की सगळे विद्यार्थी वर्तमानपत्रं उघडून वाचत बसल्याचं सोंग करतात, तुम्ही कोण, आम्हाला काय त्याचं! आणि पाहुण्या गोलीवर गोल झाला की अख्खा स्टँड त्याच्याकडे बोट दाखवून ओरडतो, "चाळण! चाळण!" इंग्रजीतच अर्थात, पण अर्थ तोच, पिठाची. माझा मुलगा आधी हसला, मग गप्प झाला आणि पुढचा सगळा वेळ त्या पाहुण्या गोलीकडेच बघत राहिला. वर छताशी ड्रायडनचा १ हा जर्सी नंबर टांगलेला आहे, तो नंबर त्यांनी २०१०मध्ये कायमचा बाजूला काढून ठेवला.

तीन मोसमांत कॉर्नेलचं आणि त्याचं खातं असं: ७६ विजय, ४ पराभव, १ बरोबरी. १९६७मध्ये उपांत्य सामन्यात नॉर्थ डकोटाला १-०, मग सिराक्यूज शहरात झालेल्या अंतिम सामन्यात बॉस्टन विद्यापीठाला ४-१ हरवलं, आणि कॉर्नेलला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. १-० हा आकडा गोलीच्या आईला विचारा. एकच गोल पुढे असताना शेवटच्या पाच मिनिटांत मी पार्किंगमध्ये जाऊन येते.

पण आता माझ्याच मुद्द्याला मी टाचणी लावते. ड्रायडन १९६९ला पदवी घेऊन बाहेर पडला. शेवटच्या कॉलेज सामन्यात, राष्ट्रीय अंतिम फेरीत, डेन्व्हरकडून ३-४ हरून. आणि पुढच्याच मोसमात, तो नसताना, कॉर्नेलने काय केलं? २९ सामने, २९ विजय. गोलमध्ये ब्रायन क्रॉपर नावाचा अगदी छोट्या चणीचा मुलगा. ड्रायडन सहा फूट चार इंच. मग त्या ७६ विजयांतले गोलीचे किती आणि नेड हार्कनेस या कोचने बांधलेल्या संघाचे किती? हा हिशोब कुणालाच मांडता येणार नाही. म्हणूनच मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये चौदा वर्षांच्या मुलांची सेव्हची (अडवलेल्या फटक्यांची) टक्केवारी दशांशापर्यंत बघणाऱ्या पालकांचं मला हसू येतं. हो, मीही बघते.

मला वाटतं तिथे तो वेगळंच काहीतरी शिकला. दुबळ्या संघाच्या गोलीवर पक (हॉकीतली रबरी चकती) नुसते बरसतात, अंग गरम राहतं, चूक झाली तरी पुढचा पक लगेच येतो. बलाढ्य संघाचा गोली नुसता उभा. दहा-दहा मिनिटं काही नाही, आणि एकदम एक गडी एकटा सुटून अंगावर येतो. तेवढ्यासाठी डोकं जागं ठेवायचं. ड्रायडनची ती प्रसिद्ध छबी तुम्ही पाहिली असेल. काठी बर्फावर उभी टेकवलेली, तिच्या टोकावर हातांची घडी, त्यावर हनुवटी. शेताच्या बांधावर काठीला रेलून उभा राहिलेला धनगर असतो ना, थेट तसा. मेंढरं दूर चरतायत, याची नजर मात्र सगळीकडे.

१९६९ला माँट्रियलने परत बोलावलं. याने दुसऱ्यांदा थांबवलं. कॅनडाच्या राष्ट्रीय संघाकडून खेळायचं, त्याबरोबर कायद्याचा अभ्यास करायचा. हे मात्र फसलं. व्यावसायिक खेळाडूंना खेळवण्यावरून वाद झाला, १९७०च्या जानेवारीत कॅनडाने आंतरराष्ट्रीय हॉकीतून अंग काढून घेतलं आणि तो राष्ट्रीय संघच उरला नाही. मग माँट्रियल, तिथल्या मॅकगिल विद्यापीठात कायदा, आणि सोबत माँट्रियलच्या दुय्यम संघात हॉकी. वय तेवीस. आपल्याकडे एव्हाना नातेवाइकांनी "अजून काही सेटल नाही का?" सुरू केलं असतं.

१९७१च्या मार्चमध्ये मोसम संपता संपता वरच्या संघात घेतलं. सहा सामने, सहाही जिंकले. त्यातला एक बफेलोविरुद्ध, २० मार्चला. माँट्रियलचा गोली जखमी झाला म्हणून केन आत आला, तर बफेलोच्या कोचने मुद्दाम डेव्हला समोरच्या गोलमध्ये उभं केलं. इस्लिंग्टनच्या अंगणातले दोघे भाऊ. सामना संपल्यावर मैदानाच्या मधोमध येऊन दोघांनी हात मिळवले.

मग प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्या, आणि पहिल्याच फेरीत बॉस्टन. हो, तेच बॉस्टन. त्या मोसमात त्यांचे ५७ विजय आणि ३९९ गोल, एकट्या फिल एस्पोझिटोचे ७६. बॉबी ऑरचे १३९ गुण (गोल आणि गोलसाठीचे पास धरून), आणि तो बचावपटू! त्यांच्यासमोर माँट्रियलने सहा सामन्यांचा अनुभव असलेला कायद्याचा विद्यार्थी उभा केला. दुसऱ्या सामन्यात बॉस्टन ५-१ने पुढे होतं, माँट्रियलने तो ७-५ जिंकला. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि तोही माँट्रियलने बॉस्टनमध्ये जाऊन ४-२ जिंकला. एस्पोझिटोने वैतागून त्याला जिराफ म्हटलं, चोरटा जिराफ. पुढे मिनेसोटा, मग शिकागोविरुद्ध परत सात सामने, आणि कप. प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक त्याला मिळाला, आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक त्याच्या पुढच्या वर्षी. आधी लग्न, मग मुंज.

लोक याला चमत्कार म्हणतात. मला नाही पटत. तेवीसाव्या वर्षी त्या गोलमध्ये जो उभा होता, त्याने राष्ट्रीय अंतिम सामना जिंकलेला होता, हरलेला होता, खेळत होता तो संघच पायाखालून गेलेला पाहिला होता, आणि हॉकी बुडाली तर दुसऱ्या दिवशी जायला त्याला लेक्चर होतं. त्याच्यासमोर बॉस्टन म्हणजे एक अवघड सामना होता, आयुष्याचा फैसला नव्हता. हे मी बाहेरून बोलतेय, त्याच्या मनात काय होतं ते तोच जाणे. पण हाच माणूस दोन वर्षांनी, दोन कप जिंकलेले असताना, कराराचं जमेना म्हणून अख्खा १९७३-७४चा मोसम सोडून टोरोंटोत वकिलीची उमेदवारी करत बसला. असं करायला पाठीमागे काहीतरी लागतं.

हल्ली नियमही बदललाय. आधी कॅनडाच्या मेजर ज्युनियरमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या ज्युनियर लीगमध्ये, खेळलं की अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद, म्हणजे सोळाव्या वर्षीच कायमचा फाटा. नोव्हेंबर २०२४मध्ये एनसीएए या अमेरिकन कॉलेज खेळांच्या संघटनेने ते दार उघडायचं ठरवलं आणि ऑगस्ट २०२५पासून ज्युनियर खेळलेली मुलंही कॉलेजात खेळू शकतात. मला वाटलं, चला, आता घाई कमी होईल. कसली कमी! आता कॉलेजच्या जागेसाठी ज्युनियरमधले तयार गडीही रांगेत, म्हणून लॉबीत घाई दुप्पट.

कुणी म्हणेल, ड्रायडनचं ठीक होतं, भाऊ एनएचएलमध्ये, हक्क माँट्रियलकडे, उंची ती. मान्य. आमच्या घरात सहा फूट चार इंच फक्त कपाट आहे. माझा मुलगा ड्रायडन होणार असं मी कुठे म्हणतेय? कॉलेजपर्यंत तरी खेळेल की नाही, कुणास ठाऊक. शाळा ऑनलाइन करायची नाही, एवढंच मी म्हणतेय. त्याला शाळेत भूगोल आवडतो आणि बुधवारी बुद्धिबळाचा क्लब असतो.

काल सांगलीला व्हिडिओ कॉल चालू होता. हा हॉलमध्ये नवीन पॅड बांधून बघत होता, आधी डावा, मग उजवा, खालून वर एकेक पट्टा, नेहमीचा क्रम चुकला की सगळं सोडून परत पहिल्यापासून. त्याचे आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "अरे, एवढं चिलखत चढवून तू नुसता उभाच राहणार ना?"

"हो आजोबा," हा म्हणाला, "बराच वेळ."

उद्या सहाची आइस आहे. बॅग अजून गाडीतच आहे, आणि तिचा वास आता पुढच्या सीटपर्यंत आलाय.